येशीच्या नावावर शिजलेला कोबी

येकातित २२, बुधवार

अदिसचा व्यापारी आता फोनही उचलत नाही. तळ्याकाठच्या झाडून सगळ्यांनी यंदा कोबी लावला आणि सगळ्यांचा एकदमच तयार झाला. मेकीच्या बाजारात ढीग रस्त्यावर आलेत. परवा एका शेळीने ढिगाला तोंड लावलं आणि ती पुढे निघून गेली. माझ्या वाफ्यांत कोबी, बीट, गाजर, फरसबी, आणि टोमॅटो तर असे पिकलेत की आज नाही तोडले तर उद्या मातीत जातील. ट्रकवर होतो तेव्हा अशा मालाच्या गाड्या मी जिबूतीपर्यंत पोचवल्या. आता स्वतःचा माल अंगणापर्यंत आणलाय आणि पुढे कुठे न्यावा ते कळत नाही.

मोठा उपास चालू आहे हे त्यातल्या त्यात बरं. ईस्टरपर्यंत मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. भाजीच खायची आणि भाजी घरात ओसंडून वाहतेय. खाणारे आम्ही दोघं. शिजवणारं कोण, हे लिहायला हात अडतो. पण ट्रकवर रोजचं लिहून ठेवायची सवय लागली ती सुटली नाही, आणि हे कोणी वाचत नाही, तेव्हा लिहितो. शिजवतो मी.

जानेवारीतल्या तिमकतच्या सणानंतर माझ्या बायकोच्या, येशीच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, हात आला नाही. चमचा धरवत नाही तिला. सुरुवातीला शेजारणी ताटं घेऊन यायच्या. रोज फाटकाशी उभं राहून दुसऱ्याच्या हातचं ताट घ्यायचं म्हणजे मला भिकेसारखं वाटायला लागलं. एक दिवस सांगून टाकलं, "आता नको, येशीचा हात सुधारला, तीच करते." तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार आतून लावून मी कांदे चिरतो.

इकडे पुरुष चुलीपाशी सापडला की त्याचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या डेपोत एकाने स्टोव्हवर स्वतःपुरती अंडी तळली, तर तो निवृत्त होईस्तोवर सगळे त्याला 'मावशी' म्हणत होते. ते नाव मीच ठेवलं होतं.

येकातित २५, शनिवार

येशी चुलीशेजारी स्टुलावर बसते आणि तोंडाने स्वयंपाक करते. हात माझे, शिव्या तिच्या.

"तेल कशाला ओतताय? कांद्याला आधी त्याचं पाणी सोडू द्या."

"कोरडाच? करपेल."

"ढवळलात तर नाही करपणार. ट्रक चालवतानाही असेच बसल्या बसल्या झोपत होतात का?"

कांदा कोरडाच परतला. खरंच नाही करपला. मग तेल, लसूण, हळद, आणि मग कोबी, गाजर, बटाटा. वर झाकण, पाणी अजिबात नाही. कोबी आपल्याच पाण्यात शिजला. मी इतकी वर्षं हे खात आलो आणि कांद्याची ही भानगड आज कळली.

काही टाकायचं नाही, हा तिचा कायदा. कोबीची बाहेरची जाड पानं मी फेकणार होतो, ती तिने परत आणायला लावली. बारीक चिरून लसूण आणि हिरवी मिरची घालून ती वेगळी शिजवली. बीटाची पानंही तशीच. फुटलेले टोमॅटो कुस्करले, त्यात कांदा, मिरची, लिंबू, आणि कालच्या वातड झालेल्या इंजेराचे, आमच्या आंबवलेल्या भाकरीचे, तुकडे तोडून कालवले. तेवढं तरी चूल न पेटवता झालं.

जेवताना ती म्हणाली, "शेजारच्या अल्गानेशला सांगू या ना. मी बसून सांगेन, ती करेल. नाहीतर सरळ सांगा की तुम्ही करता."

"तुझी शोभा होईल."

"माझी?"

म्हटलं, हो, तुझीच. तुझ्या हाताचं गावात नाव आहे. ते आजारपणाने जाऊ द्यायचं का? ती हसली. कशाला हसली ते कळलं नाही.

मेगाबित ३, रविवार

आज बेझाबी येऊन टपकला. ट्रकवरचा माझा जुना जोडीदार. तोंडाने फाटका, आणि भूक अशी की घरात शिरला की आधी टोपल्यांकडे बघतो. मी ताट आणून ठेवलं. मिरच्या चिरून त्यात कांदा-टोमॅटो भरला होता, फरसबी-गाजर होतं, आणि हळदीतला कोबी.

"येशीमबेत," तो येशीचं पूर्ण नाव घेऊन पलंगाकडे ओरडला, "आजारपणाने तुझा हात सुधारला गं! माझ्या बायकोलाही आठवडाभर आजारी पाड."

येशी म्हणाली, "तुझ्या बायकोला तू आहेस, तेवढा आजार पुरे."

मी खाली मान घालून जेवलो. पण आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू. उभ्या आयुष्यात मी केलेल्या कुठल्याच कामाला बेझाबीने बरं म्हटलेलं नाही.

मागून अल्गानेश आली. पलीकडच्या घरातली, येशीची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने कोबीची एक फोड उचलली, उजेडात धरून बघितली आणि इकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली, "गाशे, तुमची बोटं पिवळी कशाने झाली?"

"शेतातलं औषध," मी म्हटलं.

"हं," म्हणाली आणि फोड खाल्ली.

मग मुद्द्यावर आली. दर महिन्याच्या एकवीस तारखेला मरियमच्या नावाने आमचं माहबर जमतं. पाळी फिरती असते, ज्याची पाळी त्याच्या घरी प्रार्थना आणि जेवण. मेगाबित महिन्याची पाळी आमची आहे. "पाळी बदलून घेऊ," अल्गानेश म्हणाली, "मी करते या वेळी. येशीला उगाच ताण नको."

"येशी करेल," मी म्हटलं, "तिचा हात आता छान चालतो."

अल्गानेशने येशीकडे बघितलं. येशीने माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलली, म्हणजे ठरलं.

मेगाबित ६, बुधवार

"हो म्हणून बसलात ना, आता निस्तरा," असं म्हणून येशीने दोन दिवस अबोला धरला. आज आपणहून सुरू झाली. माणसं पंचवीसेक येणार. डाळ विकत आणायची नाही, मसुराला हात लावायचा नाही, सगळं वाफ्यातलंच वापरायचं असं तिचं म्हणणं. "लोक कोबी रस्त्यावर टाकतायत. आपण त्याच कोबीचं असं ताट करू की त्यांना आपल्या शेताची लाज वाटेल."

मग डोळे मिटून सांगत गेली. कोबी दोन तऱ्हांनी, एक हळदीतला, एक बेरबेरे मसाल्यातला. बीट-बटाटा लिंबात. फरसबी-गाजर. भरल्या मिरच्या. जाड पानांची भाजी. टोमॅटोत कालवलेला इंजेरा. मधोमध शिरो, तेवढंच काय ते हरभऱ्याचं पीठ. इंजेरा बाजारातून, कारण तो तव्यावर ओतायला दहा वर्षं शिकावं लागतं आणि माझ्याकडे पंधरा दिवस आहेत असं ती म्हणाली.

रात्री पडल्या पडल्या मी मनात ताट मांडत होतो. लाल कुठे, पिवळं कुठे, हिरवं कुठे. एकदम लक्षात आलं की मला हे काम आवडतंय. या वयात, या मिशांनिशी. कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मेगाबित १४, गुरुवार

टोमॅटो पत्र्यावर वाळत घातले. रस्त्यावरून बेझाबी ओरडला, "वर काय करतोस रे?" म्हटलं, पत्रा गळतो, बघतोय. पाऊस कधीचा पडलेला नाही.

बेरबेरेतला कोबी तीनदा केला. पहिला कडवट, दुसरा पाणचट. तिसऱ्याला येशीने डोळे मिटले आणि म्हणाली, "हा माझा आहे." पण फोडी फार जाड होतात, असं तिचं म्हणणं आहेच. सुरी बारीक चालत नाही माझी. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात आहेत.

मेगाबित २१, गुरुवार, दुपार

घरात मी एकटा आहे. अल्गानेश सकाळीच टांगा घेऊन आली आणि येशीला चर्चला घेऊन गेली. प्रार्थना संपेपर्यंत तीन वाजतील, मग सगळे इकडेच येतील. येशी जाताना दारात थांबून म्हणाली, "तेल जपून वापरा." बाकी काही नाही.

तेल पुरलं नाही. बेरबेरेतला कोबी आणि शिरो राहिला होता आणि बाटली उपडी केली तर थेंब नाही. दुकानात जावं तर चुलीवर तीन पातेली, आणि दुकानदार विचारणार की गाशे, ऐन वेळी तेल न्यायला येशीने तुम्हाला कसं पाठवलं? इंजेराच्या टोपलीमागे एक डबा सापडला. आत पिवळं, पातळ तेल, वेलची आणि सुक्या पाल्याचा वास येणारं. उपासासाठी येशी दरवर्षी तेलात मसाला मुरवून ठेवते, तेच असणार. तेवढं कामाला आलं.

काय वास सुटलाय म्हणून सांगू! नुसत्या भाजीला असा वास मी कधी अनुभवला नाही. सणाच्या दिवशी सुटतो तसा घरभर दरवळतोय. प्रार्थना संपल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, म्हणून चव घेता येत नाही, नाहीतर पातेलंच पुसून खाल्लं असतं. मला वाटतं माझ्या हाताला आता गुण आलाय. येशीला सांगणार नाही, पण आलाय.

टांग्याचा आवाज आला. हात धुतो.

मेगाबित २१, रात्र

लिहवत नाही.

मेगाबित २२, शुक्रवार

लिहायलाच हवं, नाहीतर मी स्वतःलाही वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

आमचे धर्मगुरू अब्बा तेक्लेंनी मरियमची भाकरी मोडली, आशीर्वाद दिला. मी ताटं आणून ठेवली. पुरुषाने ताट आणून ठेवणं चालतं. बायकांनी रंग बघून टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, हे सगळं वाफ्यातलं? येशी मेसोबशेजारी, ताट ठेवायच्या उंच विणलेल्या टोपलीशेजारी, बसली होती, पांढऱ्या कपड्यात, मी धुतलेल्या.

बेझाबीने सगळ्यांत आधी घास घेतला. "येशीमबेत, अगं हा वास मला फाटकापासून…" आणि थांबला. अल्गानेशच्या तोंडात घास होता, तो तिने तसाच धरून ठेवला, चावेना की गिळेना. अब्बांनी आपला घास तोंडातून तळहातावर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"यात लोणी आहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

येशीने डाव्या हाताने एक तुकडा तोडला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला डबा आठवला. उपास लागण्याच्या आदल्या दिवशी तिने सांगितलं होतं की उरलेलं कढवलेलं लोणी दृष्टीआड ठेवा, आणि तो डबा टोपलीमागे मीच ठेवला होता. तेव्हा ते घट्ट होतं. या उन्हाने वितळलं. मसाला त्यातही तोच असतो. पंचवीस माणसांचा उपास मी मोडला होता, आणि त्यात एक धर्मगुरू.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी केलं, मला कळलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. समोर बेझाबी बसला होता. कोणी काही म्हटलेलं नसताना मला 'मावशी' ऐकू आलं.

"चूक माझी, अब्बा," येशी म्हणाली. "माझ्याकडून डबा बदलला गेला."

"तुझ्या हाताने?"

"माझ्या हाताने."

तो हात तिच्या मांडीवर पडला होता, तळवा वर करून. सगळे त्या हाताकडे बघत होते. मी मेसोबच्या विणीकडे बघत होतो.

मग कोणी पाणी मागितलं, चुळा भरल्या, शालींची आवराआवर झाली. बायका येशीच्या गालाला गाल लावून गेल्या. जाताना अब्बा फाटकात माझ्यापाशी थांबले. "दाम्तेव, काही बोलावंसं वाटलं तर मी सकाळी लवकर येतो चर्चला." चर्चच्या पत्र्याच्या वर्गणीचं मागे काढलं होतं त्यांनी, तेच असणार. म्हटलं, बघू.

सगळे गेल्यावर येशी म्हणाली, "तू खाली मान घातलीस." लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

सात रंगांचं ते जेवण मी वाफ्याच्या टोकाला खड्डा करून पुरलं. इतकी मेहनत केली होती. पुरताना रडू आलं, आणि ते येशीसाठी आलं की कोबीसाठी, खरंच सांगता येत नाही.

मेगाबित २५, सोमवार

येशीने पापाची कबुली दिली आणि दंड मागून घेतला. ईस्टरपर्यंत सोमवार ते शुक्रवार रोज चर्चमध्ये साष्टांग नमस्कार. अब्बा म्हणाले होते म्हणे, आजारी माणसाला माफ आहे, झालं गेलं विसर. ही ऐकेना. "पाप केलंय तर दंड घेईन."

मी म्हटलं, "तू काही केलं नाहीस."

"हे मला सांगून काय उपयोग?" म्हणाली.

तेव्हापासून स्वयंपाकाबद्दल अवाक्षर काढत नाही. स्टुलावर बसायला येत नाही. आज बीट तासभर शिजवलं आणि तरी कच्चं राहिलं. तिने निमूट चावून चावून खाल्लं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेगाबित २६, मंगळवार

आज तिच्याबरोबर गेलो. पुरुषांच्या बाजूला खांबाशी उभा राहिलो. बायकांच्या बाजूला ती गुडघ्यावर आली, कपाळ जमिनीला लावलं. उठताना डाव्या हाताने रेटा दिला, उजवा हात घसरला, आणि ती कुशीवर पडली. अल्गानेश आणि आणखी एक बाई धावल्या. काखेत हात घालून तिला उभं केलं. ती पुन्हा खाली गेली. पुन्हा पडली. पुन्हा उठवलं.

मी मनाशी म्हणत होतो, पुढच्या वेळी पडली की जातो. ती पडायची आणि मी पुढची वेळ म्हणायचो. पण ती बायकांची बाजू, तिथे पुरुषाने जायचं नसतं. हे कारण खरंच आहे. मी ते घरी येईपर्यंत घोकत होतो.

मेगाबित २८, गुरुवार

शेतात कोबी उकलतोय. गड्डे मधोमध तडकतात आणि आतून आंबूस वास येतो. उरलेला बराचसा परवाच काढून फाटकाबाहेर ठेवला, कोणाला हवा त्याने न्यावा म्हणून. बायकांनी नेला. आणि काय व्हावं? त्याच संध्याकाळी फाटकावर झाकलेलं ताट. कोबी-बटाटा, मेथ्यांची फोडणी दिलेला. काल बीटाची पानं. आज गाजर आणि फरसबी, केसासारखं बारीक चिरलेलं.

टोमणाच आहे हा. बघा, कसं चिरतात बघा. ताट आत नेताना मान वर होत नव्हती. येशीने मात्र आज पोटभर खाल्लं.

गुडघ्यांवर तिच्या काळंनिळं झालंय. तेल लावू का विचारलं, तर म्हणाली, "कुठलं लावताय ते आधी वास घेऊन बघा." आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मी बाहेर जाऊन अंगणात उभा राहिलो. ती माझ्यावर हसू शकते आणि मी तिच्यासाठी तोंड उघडू शकत नाही.

मियाझ्या १, रविवार

आज झावळ्यांचा रविवार. सगळ्यांच्या कपाळाला ताडाच्या पातीचे पट्टे, बोटांत पातीच्या अंगठ्या. प्रार्थनेनंतर माहबरची मंडळी नेहमीप्रमाणे वडाच्या झाडाखाली टेकली. येशीही होती. अब्बाही येऊन बसले.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते रात्रभर घोटलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"त्या दिवशीचा स्वयंपाक मी केला होता," म्हटलं. "लोण्याचा डबा मी उघडला. तिमकतनंतर घरात जे जे शिजलं ते मीच शिजवलं. येशीने काही केलं नाही."

आता हसतील म्हणून वाट बघितली. बेझाबीकडे तर मी बघतच होतो. तो झावळीचं पातं सोलत होता.

"ठाऊक आहे रे," तो म्हणाला. "बस खाली."

"कधीपासून?"

अल्गानेश म्हणाली, "गाशे, येशीने जन्मात कोबी विटेएवढा चिरला नाही. मी पहिल्या दिवशीच ओळखलं. पिवळ्या बोटांचं शेतातलं औषध मला सांगताय?"

"मग बोलला का नाहीत कोणी?"

"काय बोलायचं? चांगलं करत होतात. आम्ही घरी जाऊन तारीफ करत होतो. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, बघ, शीक काहीतरी." दोघी-तिघी हसल्या. मग तिचं हसू गेलं. "त्या लोण्याचंही काही नाही. उपासाच्या दिवसांत कोणाच्याही हातून होतं. तुम्ही तोंड उघडाल म्हणून आम्ही थांबलो होतो. अब्बांनीच सांगितलं, त्याला वेळ द्या. आम्ही रोज हिला उचलत होतो, गाशे, आणि तुम्ही खांबाशी उभे राहून बघत होतात. ते मात्र आमच्याच्याने बघवत नव्हतं."

मला वाटलं होतं, चुलीपाशी सापडण्याएवढी मोठी लाज जगात नाही. चुलीचं कोणाला काहीच वाटलेलं नव्हतं. सगळं गाव दहा दिवस माझ्याकडे बघत होतं आणि मला वाटत होतं की मी लपलोय.

अब्बांनी माझ्या डोक्यावर क्रूस ठेवला आणि म्हणाले, तिचा दंड आता तुझा. मी म्हटलं, आनंदाने. येशी बोटातली पातीची अंगठी अंगठ्याने फिरवत राहिली. टांग्यातही तेच.

मियाझ्या २, सोमवार

आजपासून दुःखाचा आठवडा. सगळं चर्चच साष्टांग घालतं, त्यामुळे गर्दी होती. मी पहाटेच येशीला सांगितलं, "तू पडून राहा, आता मी आहे." परत येऊन कोबी करतो म्हटलं, एकच गड्डा राहिलाय.

ती शाल घेऊन तयार उभी होती.

"तुझा दंड माझ्याकडे आला ना? अब्बा सगळ्यांसमोर म्हणाले."

"लोण्याचा तुमच्याकडे आला," ती म्हणाली. "मरियमच्या भाकरीसमोर बसून मी खोटं बोलले. अब्बांनी हाताचं विचारलं, तेव्हा पुन्हा बोलले. ते माझं आहे. ते तुम्हाला कसं घेता येईल?"

"पण ते तू माझ्यासाठी बोललीस."

"म्हणून काय ते खरं झालं?"

मी टांगा आणला.

चर्चमध्ये मी पुरुषांच्या बाजूला उभा राहिलो, ती तिकडे. घंटा झाली, सगळे खाली गेले, मीही गेलो. कपाळ जमिनीला लागलेलं असताना कानाने फक्त तिचाच आवाज शोधत होतो. सगळे उठले. ती उठली नव्हती. अल्गानेशने तिच्याकडे पाऊल टाकलं, मग माझ्याकडे बघितलं आणि जागीच थांबली.

मी निघालो. मधली मोकळी जागा ओलांडली. बायकांनी शाली आवरून वाट दिली. एका म्हातारीने काहीतरी पुटपुटत नापसंती दाखवली, तिचं बरोबरच होतं. मी येशीजवळ गुडघे टेकले आणि तिचा उजवा हात धरला.

"हात नको," ती कुजबुजली, "त्यात जोर नाही. काखेत धरा."

काखेत धरून उभं केलं. किती हलकी झालीय ती, हे मला कळलं नव्हतं. पुन्हा घंटा झाली. मला वाटलं, आता परत माझ्या जागी जायला सांगेल.

"जाताय कुठे?" ती म्हणाली. "अजून पुष्कळ आहेत."

आणि ती खाली वाकली.